धुळाक्षरांचे कूळ

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा केली नाही, असा मराठी घरातला मनुष्य विरळा. पण या पाटीची वंशावळ कोणी पाहिली आहे काय? ‘धुळाक्षरे’ हा आपला शब्दच तिचे मूळ गाव सांगतो. दगडी पाटी येण्यापूर्वी मुले फळीवर पसरलेल्या धुळीत अक्षरे गिरवीत. आपले जुने गणिती तर पाटीगणिताला ‘धूलिकर्म’ही म्हणत.

भारतीय अंक अरबांकडे गेले, तेव्हा ही धूळही त्यांच्याबरोबर गेली. दमास्कस येथे अल्-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञाने दहाव्या शतकाच्या मध्यास एक ग्रंथ लिहिला. त्यात हा गृहस्थ धूळपाटीला अगदी विटलेला दिसतो. बोटे मळतात, पुढची पायरी मांडायची तर मागची पुसावी लागते, म्हणून ताळा पाहता येत नाही. शिवाय रस्त्यावरचे ज्योतिषीही तीच पाटी घेऊन बसतात, तेव्हा चारचौघांत लाज वाटते ती निराळीच! कागदावर शाईने गणित करावे, हा त्याचा उपाय.

पुढे मद्रासेस एग्मोरच्या शाळेचा प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल याने मलबारी मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले, ती रीत उचलली आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापले. मग विलायतेतल्या गोरगरिबांच्या शाळांतही वाळू आली.

हाताचे अक्षर दूर पाठवण्याची हौसही आजची नव्हे. अमेरिकेत एलिशा ग्रे याने १८८८ मध्ये तारेवरून अक्षर उमटवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १९६४ मध्ये तेथील रँड संस्थेने संगणकाला जोडलेली पाटी व लेखणी केली. हल्लीचा टॅब याच कुळातला.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळांना कुलपे लागली, आणि एटापल्लीचा मी मास्तर फोनवरून शिकवू लागलो. छापील पाने दाखवली, तर मुले गप्प. छापलेले पान एकदम अंगावर येते. मग टॅबवर लेखणीने भागाकार मांडू लागलो. हात थबकला की मूलही थबके आणि विचार करू लागे. आमच्या पुष्कळ मुलांची घरची बोली माडिया. त्यात आवाज तुटे, पण आकडा वाचता येई. शिवाय लिहिलेले पान तसेच राही, सगळ्या पायऱ्यांसकट. अल्-उक्लिदिसीचा आत्मा शांत झाला असेल!

पण हे फोनवाल्यांचे. रेंज न पोचणाऱ्या टोल्यांवर तीच पाने मी झेरॉक्स करून बाजाराच्या दिवशी आलेल्या माणसांबरोबर धाडीत असे. पुढे वाटा मोकळ्या झाल्यावर एका टोल्यावर गेलो. चौथीतल्या एका मुलीने अंगणातल्या मातीत काडीने भागाकार केला होता. बाकी तीन यायला हवी, तिची दोन. कोठे चुकले ते पाहायला वाकलो, तो मधल्या पायऱ्या पुसलेल्या.

“गुरुजी, जागा नाही पुरली,” ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसलो आणि आम्ही अंगणभर पहिल्यापासून मांडणी सुरू केली.