‘वेद’चे जर्मानिक भाऊबंद

जर्मनमध्ये वर्तमानकाळात ‘तो’ कर्ता असला की क्रियापदाच्या शेवटी ‘ट’ लागतो. हा नियम घोकून होतो न होतो तोच ‘एर वाइस’, म्हणजे ‘तो जाणतो’, समोर येतं आणि ‘ट’ गायब! पाठ्यपुस्तकं ‘अपवाद’ म्हणून मोकळी होतात. खरी गोष्ट अशी, की रूपाच्या घडणीनं हा वर्तमानकाळ नाहीच. ‘मी पाहिलं आहे’ या अर्थाचं जुनं रूप ‘मला माहीत आहे’ या अर्थी रुळलं.

मूळ जर्मानिक भाषेत हे क्रियापद *विटनँ असं होतं. ती भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. अभ्यासकांनी ती वंशजांवरून जुळवली, म्हणून आधी तारा. लिखित पुरावा हवा तर चौथ्या शतकातलं वुल्फिलाचं गॉथिक बायबल पाहावं. त्याची सहाव्या शतकातली प्रत स्वीडनमध्ये उप्सालाला आहे, जांभळ्या चर्मपत्रावर चंदेरी शाईत लिहिलेली. तिच्यात योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला दृष्टी येते. चौकशीत आईबाप म्हणतात ‘विटुम’ (आम्ही जाणतो), मुलगा म्हणतो ‘वैट’ (मी जाणतो). आता संस्कृत रूपं शेजारी ठेवा: ‘विद्म’ आणि ‘वेद’. एकवचनात स्वर जड, अनेकवचनात हलका, हेही तंतोतंत. अर्थ वर्तमानाचा आणि प्रत्यय परोक्ष भूताचे, ही विद् धातूची तऱ्हा पाणिनीच्याही नजरेतून सुटली नाही. अष्टाध्यायीत तिच्यासाठी स्वतंत्र सूत्र आहे.

‘द’चा ‘ट’ झाला तो याकोब ग्रिमनं 1822 साली मांडलेल्या नियमानं. पुढे जर्मननं त्या ‘ट’चाही ‘स’ केला: वैट, वाइस. ‘विस्सेनशाफ्ट’ म्हणजे विज्ञान, ते यातूनच. इंग्रजीत ‘विट’, ‘विटनेस’ उरले. फ्रेंचमार्गे आलेला ‘गाइड’ही याच कुळातला, असं बहुतेक कोशकार मानतात. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री उघडलं जाणारं गाइड वेदाचं दूरचं नातेवाईक ठरतं. वेदाला हे रुचेल का, कोण जाणे!

क्रियापद मात्र इंग्रजीनं सोडलं. 1611 च्या बायबलात ‘वॉट’ (जाणतो) दिसतं. मग ‘नो’नं ती जागा पुरती घेतली. हा ‘नो’ ज्ञा धातूचा भाऊ. मराठीतही तेच झालं: विद्या, विद्वान, वेदना हे शब्द राहिले, पण क्रियापद चालतं ते ज्ञा धातूचं, ‘जाणणे’. जर्मन, डच, स्वीडिश आणि आइसलँडिक लोक मात्र अजून रोजच्या बोलण्यात *विटनँचंच क्रियापद वापरतात.