शालेय ग्रंथालयांतील वर्ज्य पुस्तकें

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रथम ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचें दाखविलें. पहिलें वाचन चुकलें म्हणून तें छापील अंकांतून कोणीं फाडून काढलें नाहीं. दोन्ही वाचनें अभ्यासकांपुढें आहेत, आणि दुसऱ्याचें बळ पहिल्याशेजारीं ठेवल्यावरच कळतें. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या टापूंतील शाळांच्या ग्रंथसंग्रहांचा विचार करतांना हा दाखला आम्हांस आठवतो. कारण मुलांच्या पुस्तकांस हा न्याय सहसा मिळत नाहीं.

सर्व शिक्षा अभियानांतून शाळांस पूरक वाचनासाठीं पुरविलेल्या ‘समर्थ श्री रामदास स्वामी’ या पुस्तकांत छत्रपति संभाजी महाराजांविषयीं अनुदार मजकूर आढळल्यावरून २०१८ सालीं मोठा क्षोभ झाला व पुस्तक मागें घेण्याचें ठरलें. हा क्षोभ निराधार होता असें आम्ही म्हणत नाहीं. नऊदहा वर्षांच्या मुलापुढें निर्णय ठेवावा आणि त्याचा आधार दाखवूं नये, ही अध्यापनाची रीत नव्हे.

परंतु पुस्तक गेल्यानें प्रवाद गेला काय? त्याचा माग काढीत गेल्यास आपण मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीपाशीं येतों. ही बखर इ. स. १८१० च्या सुमाराची; महाराजांचा वध १६८९ चा. मध्यें सुमारें १२० वर्षें लोटलीं. शिवाय बखरकारांचे पूर्वज बाळाजी आवजी यांस १६८१ मध्यें महाराजांच्या आज्ञेनें देहदंड झाला होता. वा. सी. बेंद्रे यांनीं १९६० मध्यें, व पुढें डॉ. कमल गोखले यांनीं, समकालीन कागदपत्रांच्या आधारें हें चरित्र नव्यानें उभें केलें. बखर कोणीं जाळली असती, तर तिच्यांतील दोष तरी कोणत्या पुराव्यानें सिद्ध करावयाचा होता?

आमच्या संशोधनाचा जन्मच मुळीं अशा एका पुस्तकापासून झाला. ग्रांट डफचा इतिहास १८२६ मध्यें निघाला. क्याप्टन डेव्हिड केपन यांनीं त्याची मराठी बखर केली व ती विद्यार्थ्यांच्या हातीं गेली. १८६७ च्या सुमारास डेक्कन कॉलेजांतील एक विद्यार्थी, नीळकंठ जनार्दन कीर्तने, यांनीं तिच्यावर टीका लिहिली. पुढें १८७८ मध्यें ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला, १८९८ मध्यें राजवाड्यांचा पहिला खंड आला. ज्या मुलानें बखर वाचलीच नसती, तो टीका कसली लिहिणार?

दुसरी एक गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगितलीच पाहिजे. संभाजी महाराजांचा संस्कृत ग्रंथ ‘बुधभूषणम्’ हा त्यांच्या व्युत्पत्तीचा उत्तम साक्षीदार होय. प्रा. ह. दा. वेलणकर यांनीं तो संपादिला व भांडारकर संस्थेनें १९२६ मध्यें छापिला. त्याच संस्थेवर, जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकाच्या रागानें, ५ जानेवारी २००४ रोजीं जमाव चालून गेला व ग्रंथ आणि पोथ्या यांची नासधूस झाली. लेन यांच्या पुस्तकावरील बंदी पुढें उच्च न्यायालयानें रद्द केली व २०१० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. फाटलेलें पान मात्र कोणतेंही न्यायालय परत देऊं शकत नाहीं.

परकी सरकारानें १९१० मध्यें चिपळूणकरांचा ‘आमच्या देशाची स्थिति’ हा निबंध जप्त केला; बंदी १९३७ मध्यें उठली. तो आज वाचावयास मिळतो, कारण प्रती टिकल्या. मुलांच्या पुस्तकांस हें भाग्य नाहीं. कागद हलका, वापर दांडगा, आणि संग्राहकही त्यांस क्षुद्र लेखतात. निर्लेखन होऊन रद्दींत गेलेली प्रत कदाचित् शेवटचीही असूं शकेल.

तेव्हां आमचें मत असें कीं, आक्षेपार्ह पुस्तक खालच्या वर्गांस देऊं नये. वरच्या वर्गांनीं तें शिक्षकांसमक्ष, मूळ साधनें शेजारीं ठेवून वाचावें. काढावयाचेंच झाल्यास दाखल नोंदवहींत कारण व तारीख लिहून एक प्रत बाहेर सुरक्षित ठेवावी. दुर्मिळ मराठी ग्रंथ जपणारें ‘ग्रंथसखा’ वाचनालय बदलापुरांतच आहे. रद्दींतून सुटलेली अशी प्रत कोणा वाचकाच्या संग्रहीं असल्यास तिच्यावरील शाळेचा शिक्का व दाखलक्रमांक त्यांनीं कृपा करून पुसूं नये.