आमच्या जिल्ह्याची चौपाटी

यंदाच्या सहलीचा बेत ठरविण्यासाठी आपल्या मंडळाची बैठक भरली होती. तेव्हा एका भगिनीची धाकटी मुलगी मध्येच म्हणाली, “मुंबईच्या मुलांना समुद्र आहे, आपल्याला काय आहे?” आम्ही सर्वजणी हसलो, पण घरी आल्यावरही तो प्रश्न मनातून जाईना. मुंबईस संध्याकाळ झाली की कुटुंबेच्या कुटुंबे चौपाटीवर जाऊन बसतात. गोंदियापासून समुद्र शेकडो कोस दूर. मग आपल्या आज्या-पणज्या मुलाबाळांना घेऊन जात तरी कोठे?

उत्तर पाण्यापाशीच सापडते. जुना भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध होता व १ मे १९९९ रोजी आपला गोंदिया जिल्हा त्यातूनच वेगळा झाला. भगिनींनो, हे तलाव निसर्गाने आयते दिलेले नाहीत. गोंड राजांच्या अमदानीत जो तलाव बांधील त्याला जमिनीचे हक्क मिळत. कोहळी समाजाने या कामात मोठेच कौशल्य मिळविले. उतार पाहून मातीची पाळ घालावयाची, जादा पाण्यास सांडवा ठेवावयाचा आणि पाटाने पाणी धानाच्या बांध्यांत न्यावयाचे, अशी ही सारी रचना होती.

त्यांतला थोर तलाव म्हणजे नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे परंपरा सांगते. पुढे लोकांनी त्यांनाच कोलासूर म्हणून देवपण दिले. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. बांध पुरा करण्यास या देवींनी हात लावला, अशी श्रद्धा आहे. मला ही कथा फार आवडते. पाळीवर मातीच्या टोपल्या वाहणाऱ्या बायांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण या कथेत निदान सात बहिणींची आठवण तरी उरली! १९७५ साली येथील वनास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, व हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी पाहावयास आजही लोक येतात.

तलावाच्या पाण्यावर धान, आणि धानावर सणवार. दिवाळीच्या सुमारास हलके धान घरात येऊ लागते, भाऊबीजेस लेकी माहेरी येतात आणि गावोगावी मंडई भरते. दिवसा खेळणी, बांगड्या, मिठाई. रात्री दंडार किंवा नाटक. दंडारीत स्त्रियांची सोंगेही पुरुषच घेत. आपण मुलांना मांडीवर घेऊन पाहणाऱ्या. पुढे झाडीपट्टीच्या नाटकांत स्त्री कलावंत रंगमंचावर आल्या, हा बदल लहान नव्हे. सासुरवाशिणींना मंडई म्हणजे केवळ करमणूक नव्हती. मैत्रिणींची वर्षाची भेट तेथेच होई.

परंतु या इतिहासास एक दुःखद पानही आहे. १९५१ साली मालगुजारी संपली व तलाव सरकारजमा झाले. ते न्याय्यच झाले; पण गावाने मिळून गाळ काढण्याची जुनी रीत मागे पडली. पूर्व विदर्भातील सहा हजारांहून अधिक ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांपैकी अनेक गाळाने उथळ झाले, बेशरमाच्या झुडपांनी वेढले गेले. मासळी घटली, आणि त्याचा पहिला चटका ढिवर कुटुंबांच्या चुलीस बसला.

समाधान असे की, अलीकडे अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील ढिवर भगिनींनीच पदर खोचला. पाण्यात उतरून त्यांनी बेशरम उपटली, माशांना उपयुक्त अशा देशी पाणवनस्पती लावल्या आणि मासळी पुन्हा दिसू लागली. शाळेत फारसे न गेलेल्या स्त्रियांचे हे काम आपणा शहरी भगिनींना पुष्कळ शिकविणारे आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, यंदाची सहल तलावावरच न्यावी. डबे घरचे न्यावेत, मुलांना पाळीवरून चालवावे, आणि शेतात सारसाची जोडी दिसलीच तर उभे राहून पाहावी. महाराष्ट्रातले बहुतेक सारस आपल्याच जिल्ह्यात आहेत. येताना कागद-कचरा मात्र तेथे टाकून येऊ नये. त्या लहान मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळेल. समुद्र देवाने दिला. आपले तलाव आपल्या पूर्वजांनी, आणि त्यांच्या बायकांनीही, हातांनी केले. हातांनी केलेले हातांनीच राखावे लागते.