चिलखत, उड्डाणपोशाख आणि कल्पित अवकाशयोद्धा : वागळे इस्टेटच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

विज्ञानकथा आणि विज्ञानपट यांतून अवकाशयोद्ध्याची एक ठरावीक प्रतिमा गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. एकट्याने चालविण्याचे लढाऊ अवकाशयान, त्यात बसलेला तरुण वैमानिक आणि त्याच्या अंगावर छातीपासून पोटरीपर्यंत कठीण कवच असलेला पोशाख, असे तिचे स्वरूप असते. अशा पोशाखाचा आराखडा करणे हे वेशभूषाकाराचे किंवा चित्रकाराचे काम, त्याच्याशी इतिहासाचा काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु १९७७ साली प्रदर्शित झालेल्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटाची वेशभूषा ज्यांनी केली व त्यासाठी ऑस्कर पारितोषिक मिळविले, ते जॉन मोलो हे मूलतः लष्करी गणवेशांच्या इतिहासाचे अभ्यासक होते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्या चित्रपटातील वैमानिकांचा नारिंगी पोशाख अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांच्या पोशाखाची आठवण करून देतो, तो योगायोगाने नव्हे. कल्पित वस्त्र हे बहुधा जुन्या वस्त्रांच्या स्मृतीतूनच शिवले जाते.

मराठीत अवकाशप्रवासाची कल्पना तशी जुनी आहे. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचे 'चंद्रलोकची सफर' हे भाषांतर १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकात आले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी डॉ. जयंत नारळीकर यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, आणि त्यानंतर मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभली. मात्र या कथेचा भर वैज्ञानिक तर्कावर राहिला. पात्रांच्या पोशाखाचा विचार तिने प्रायः चित्रकारावर सोपविला. परिणामी मराठी वाचकाच्या मनातील अवकाशयोद्धा अर्धा ऐतिहासिक चित्रपटांतील चिलखतधारी सरदार आणि अर्धा अमेरिकी चित्रपटांतील वैमानिक असा संमिश्र झाला आहे. चिलखत आणि उड्डाणपोशाख ही दोन वस्त्रे एकाच शरीरावर नांदू शकतात काय, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. त्याच्याच पोटातला दुसरा प्रश्न असा की, ही वस्त्रे बनविणाऱ्यांचा इतिहास कोठे शोधावयाचा? त्यासाठी ठाण्याच्या वागळे इस्टेटचा संदर्भ घेतला आहे.

चिलखताची परंपरा

आपल्याकडील संरक्षक वेशाची परिभाषाच बोलकी आहे. जिरह म्हणजे कड्यांत कड्या गुंफलेले वस्त्र, बख्तर, आणि चार आईना, म्हणजे छाती, पाठ व दोन कुशी यांवर बांधावयाचे चार पत्रे. 'चार आरसे' या अर्थाच्या त्या नावातच रचनेचे मर्म आहे. जेथे घाव जिवावर बेततो तेथे पत्रा, आणि जेथे शरीर वाकते तेथे कड्यांचे जाळे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे म्हणून जतन केलेले चिलखत पाहताना ही विभागणी डोळ्यांत भरते. कोपर, काख आणि मान या तीन जागा प्रत्येक कारागिराला छळत आल्या आहेत. त्या उघड्या ठेवाव्या तर धोका, झाकाव्या तर हात उचलत नाही.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीचा प्रसंग सर्वश्रुत आहे. परंपरेनुसार महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता व अफजलखानाचा वार त्यामुळे निभावला. या प्रसंगाचे राजकीय विवेचन विपुल झाले आहे. वेशाच्या दृष्टीने त्यात जे दिसते ते असे की, येथे कवच हे प्रदर्शनाची वस्तू नाही. ते आतला थर आहे. बाहेरून दिसतो तो भेटीचा पोशाख. याउलट चित्रपटातील अवकाशयोद्ध्याचे कवच सदैव बाहेर असते, कारण ते शत्रूसाठी नसून प्रेक्षकासाठी असते.

दुसरी बाब खर्चाची. शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन चाकरीस येई, तर बारगिराला ते सरकारातून मिळे. संपूर्ण लोखंडी चिलखत हा मूठभरांचाच वेश होता. सामान्य स्वाराची भिस्त ढालीवर, पागोट्याच्या जाड घड्यांवर, फार तर कापूस भरून शिवलेल्या अंगरख्यावर असे. मराठ्यांच्या घोडदळाची ख्याती मुळात हलकेपणासाठी होती. स्मारकांतून आणि चित्रपटांतून सरसकट सर्वांना चिलखते चढविली जातात, तेव्हा नेमका हा हलकेपणाच पुसला जातो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

वैमानिकाचे शरीर

विसाव्या शतकात चिलखत विमानातील माणसांच्या अंगावरही परत आले, हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये तळ असलेल्या अमेरिकेच्या आठव्या हवाईदलाचे शल्यचिकित्सक कर्नल माल्कम ग्रो यांनी १९४२ साली जखमांची तपासणी केली. सुमारे ७० टक्के जखमा विमानविरोधी तोफगोळ्यांच्या तुलनेने मंद गतीच्या तुकड्यांनी झालेल्या होत्या. असे तुकडे पातळ पोलादही अडवू शकते. ग्रो यांनी हे काम विल्किन्सन सोर्ड या तलवारी बनविणाऱ्या जुन्या इंग्लिश कंपनीकडे नेले आणि कापडात मँगनीज पोलादाचे चौकोनी तुकडे एकावर एक येतील असे शिवून जाकीट तयार झाले. तलवारीच्या कारखान्याने वैमानिकाचे चिलखत करावे, यात परंपरेचा धागा तुटलेला दिसत नाही.

तथापि हे जाकीट बॉम्बफेकी विमानातील लोकांसाठी होते. ही विमाने सरळ रेषेत तासन्‌तास उडत. लढाऊ विमानाची गोष्ट वेगळी. तीव्र वळणात वैमानिकाचे वजन पाचपट, आजच्या विमानांत नऊपटीपर्यंत वाढते. ९ किलोचे कवच अशा क्षणी ८१ किलोचे होते. रक्त पायांकडे ओढले जाते, मेंदूला पुरत नाही आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. टोरांटोचे संशोधक विल्बर फ्रँक्स यांनी यावर पाण्याने भरलेला, पाय व पोट आवळून धरणारा पोशाख तयार केला. १९४२ मध्ये तो प्रत्यक्ष युद्धात वापरला गेला. पुढे पाण्याची जागा हवेने घेतली. लढाऊ वैमानिकाला हव्या असलेल्या पोशाखाचा हा खरा पूर्वज. तो बाहेरचा घाव अडवीत नाही, आतले रक्त जागेवर ठेवतो.

मग लढाऊ वैमानिकाचे चिलखत गेले कोठे? ते त्याच्या अंगावरून उतरून विमानात गेले. हरिकेन आणि स्पिटफायर या विमानांत आसनामागे पोलादी पत्रा बसविण्यात आला. जमिनीलगत उडणाऱ्या अमेरिकी ए-१० विमानात वैमानिक टायटॅनियमच्या सुमारे ५४० किलोंच्या टबात बसतो. जे ओझे माणसाला पेलवत नाही ते यंत्राने पेलावे, हा विचार त्यामागे आहे. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या कर्मचाऱ्यांना छातीवर सिरॅमिकचे पत्रे देण्यात आले, ते हेलिकॉप्टर लढाऊ विमानासारखे वळत नाही म्हणूनच शक्य झाले.

याशिवाय प्रक्षेपक आसनाचा प्रश्न आहे. संकटात आसनासह बाहेर फेकले जाताना मणक्यावर दहा ते वीसपट भार येतो व मणके दबून मोडल्याच्या घटना त्यात घडतात. खांद्यावर आणि डोक्यावर टाकलेला प्रत्येक किलो त्या क्षणी मानेवर येतो. पडद्यावरचे भव्य शिरस्त्राण घातलेला वैमानिक यानाबाहेर फेकला गेला, तर त्याला मारण्यास शत्रूची गरज उरणार नाही.

निर्वात आणि शिवण

अवकाशयोद्ध्याच्या बाबतीत यात आणखी एका अटीची भर पडते, ती हवेच्या दाबाची. सुमारे १९ किलोमीटर उंचीच्या वर शरीराच्या तापमानालाच पाणी उकळते. ३० जून १९७१ रोजी सोयूझ-११ यानातील हवा परतीच्या वाटेवर निसटून गेली व तिन्ही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांच्या अंगावर दाबपोशाख नव्हते. १९७३ च्या सोयूझ-१२ पासून 'सोकोल' पोशाख वापरात आला. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून निघाले तेही याच पोशाखात. सुमारे १० किलोंच्या त्या वस्त्रात कवच म्हणावे असे काहीही नाही. पण यान फुटले तर तेच कवच.

दाबपोशाखाची अडचण अशी की आतली हवा त्याला फुग्यासारखा ताठ करते. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर गेले, तेव्हा त्यांचा पोशाख इतका फुगला की त्यांना आतला दाब कमी करूनच यानात शिरता आले. अशा फुगणाऱ्या वस्त्रावर कठीण पत्रे बसवावयाचे, तर ते सांध्यांच्या दरम्यानच बसवावे लागतील आणि कोपर, काख, मान यांचा जुना प्रश्न जसाच्या तसा उभा राहील. चार आईना घडविणाऱ्या कारागिराला हा प्रश्न समजावून सांगावा लागला नसता.

हा गुंता सोडविला तो शिवणकाम करणाऱ्यांनी. चंद्रावर गेलेले अपोलो पोशाख, स्त्रियांची अंतर्वस्त्रे बनविणाऱ्या 'प्लेटेक्स'शी संबंधित कंपनीत तयार झाले. रबराच्या घड्या पाडलेले सांधे आणि अनेक पातळ थर तेथील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी अत्यंत बारीक मापाने जोडले. अवकाशातील सूक्ष्म अशनींपासूनचे संरक्षणही थरांचेच आहे. फ्रेड व्हिपल यांनी १९४७ मध्ये सुचविले की, बाहेर थोड्या अंतरावर एक पातळ पत्रा ठेवावा. अतिवेगाने येणारा कण त्यावर आपटून चुरा होतो आणि आतल्या भिंतीवर विखरून पडतो. जाड पोलादाने जे होत नाही ते पातळ पडदा आणि पोकळी यांनी होते.

या साऱ्याचा विचार करता कल्पित पोशाखाचा आराखडा पुढीलप्रमाणे असावा, असे सुचवावेसे वाटते. अंगालगत पाण्याच्या बारीक नळ्यांचे शीतवस्त्र, त्यावर पाय व पोट आवळणारा थर, त्यावर दाबवस्त्र, आणि छातीपुरता एकच कठीण पत्रा. हा पत्रा बोरॉन कार्बाइडचा असावा. या पदार्थाची घनता सुमारे २.५, म्हणजे पोलादाच्या एक तृतीयांशाहून कमी. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'भाभा कवच' या बुलेटरोधक जाकिटात हाच पदार्थ वापरला आहे. बोरॉन न्यूट्रॉन शोषून घेतो, त्यामुळे अणुभट्टीतही त्याचा उपयोग होतो. अणुकेंद्रातून चिलखत निघावे हे म्हणून वाटते तितके विचित्र नाही. उरलेले सारे संरक्षण आसनात आणि यानाच्या भिंतीत जावे. पडद्यावर हा वैमानिक फारसा रुबाबदार दिसणार नाही, हे मान्य करावे लागेल.

वागळे इस्टेटचा संदर्भ

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औपचारिक उद्घाटन ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाले. राज्याच्या नियोजित औद्योगिकीकरणाचा आरंभबिंदू म्हणून या वसाहतीचे नाव पाठ्यपुस्तकांतून येते. तिच्या आत काय घडत होते ते येत नाही. क्रमांकांच्या रस्त्यांवरील लहान गाळ्यांतून यंत्रांचे सुटे भाग, डाय आणि मोल्ड, रबर व प्लास्टिकच्या वस्तू, तयार कपडे अशी कामे होत आली. त्यातील पुष्कळशी जॉब वर्कची. म्हणजे वस्तू कोणाच्या नावाने विकली जाणार हे करणाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही. जवळच पोखरण रस्त्यावर रेमंडची लोकर गिरणी होती, कल्याणपलीकडे शहाडला सेंच्युरी रेयॉन, आणि अंबरनाथला आयुधनिर्माणी व नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा. धागा, कापड, रबर, साचा आणि धातू अशा आपल्या पोशाखाला लागणाऱ्या साऱ्या विद्या एका लोकल गाडीच्या टप्प्यात नांदत होत्या. येथे असा पोशाख झाला, असे म्हणावयाचे नाही. तो करण्यास लागणारे हात येथे होते, एवढेच म्हणावयाचे आहे.

आज रेमंडची ठाण्यातील गिरणी बंद आहे आणि वागळे इस्टेटमध्ये अनेक कारखान्यांच्या जागी काचेच्या माहिती-तंत्रज्ञान इमारती उभ्या आहेत. त्यांतून कधी चित्रपटांच्या दृश्यांचेही काम होत असेल. म्हणजे ज्या भूखंडावर पत्रा ठोकला जाई तेथे आता पत्र्याचे चित्र काढले जाते. यात हळहळ व्यक्त करण्याचे कारण नाही, उद्योग बदलतातच. परंतु गाळा बंद होतो तेव्हा ड्रॉइंगच्या गुंडाळ्या, कापडाचे कटिंग पॅटर्न, ऑर्डरच्या वह्या आणि जुने साचे भंगारात जातात. अकबराच्या चिलखतावर त्याच्या धन्याचे नाव राहिले, घडविणाऱ्याचे नाही. चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या विस्मरणाला आपण काही करू शकत नाही. वागळे इस्टेटचे तसे नाही. १९७० च्या दशकात तेथे टूलरूममध्ये किंवा शिलाई यंत्रावर बसलेली माणसे आज किसननगर, मुलुंड, डोंबिवली येथे निवृत्त जीवन जगत आहेत.

ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाचे प्रकल्प हाती घेताना स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलाखतींबरोबर या कारागिरांच्या मुलाखतीही घ्याव्यात, अशी येथे सूचना आहे. प्रश्नावली मात्र नेहमीची असू नये. पगार, संप आणि टाळेबंदी यांविषयी विचारावेच. पण साच्यातून रबर काढताना ते फाटू नये म्हणून काय करीत, काखेत शिवण किती सैल सोडीत आणि ते माप त्यांना कोणी शिकविले, हेही विचारावे, आणि शक्य असेल तर हातात कापड देऊन ते करून दाखवावयास सांगावे.