आंदणातला किल्ला : दख्खनच्या शाही सोयरिकी

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे गाव आज बंजारा समाजाची काशी म्हणून सर्वांना ठाऊक आहे. सोळाव्या शतकात मात्र हा वऱ्हाडचा मुलूख इमादशाहीत होता. तिची राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर. विजापूर, अहमदनगर आणि एलिचपूर ही तीन घराणी एकमेकांचे व्याही होती, आणि वैरीही.

या सोयरिकीच्या मुळाशी एक मराठी स्त्री आहे. आदिलशाहीचा संस्थापक युसुफ आदिलखान याने मुकुंदराव या मराठा सरदाराच्या बहिणीशी निकाह केला. इतिहासात ती बुबूजी खानम. तिचा मुलगा इस्माईल विजापूरच्या गादीवर बसला. मुलींपैकी मरियम अहमदनगरच्या बुरहान निजामशहाला दिली, तर खदीजा वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशहाला. इमादशाहीचा संस्थापक फतहुल्लाह हा मूळचा कानडी हिंदू मुलगा, तर निजामशाहीचे मूळ पाथरीच्या ब्राह्मण घराण्यात. दख्खनच्या सुलतानांना सरसकट 'परके' म्हणणाऱ्यांनी ही वंशावळ एकदा डोळ्यांखालून घालावी.

मरियमचा विवाह 1524 मध्ये सोलापूरला थाटात झाला. वधूबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण मिळायचा होता, असे निजामशाहीचे म्हणणे; विजापूरने तो दिला नाही. मेहंदीचा रंग उतरतो न उतरतो तोच मेहुणे-मेहुणे रणांगणात उतरले. त्या लढाईत वऱ्हाडचा अलाउद्दीन बुरहानच्या बाजूने उभा होता. त्याला फोडण्यासाठी विजापूरने 1528 च्या सुमारास खदीजा त्याला दिली. असे बुरहान आणि अलाउद्दीन साडू झाले, पण पाथरीचा तंटा काही मिटला नाही.

पुढे विजयनगरविरुद्ध एकजूट करायची वेळ आली, तेव्हा 1564 मध्ये पुन्हा लग्नेच जुळवली गेली. हुसेन निजामशहाची मुलगी चाँदबिबी अली आदिलशहाला दिली आणि चाळीस वर्षे रक्त सांडलेले सोलापूर तिच्याबरोबर आंदण गेले. अलीची बहीण हुसेनचा मुलगा मुर्तझा याला दिली. जानेवारी 1565 मध्ये तालिकोटची लढाई जिंकली. वऱ्हाड त्या आघाडीत नव्हता.

वऱ्हाडच्या दर्या इमादशहाने आपली मुलगी हुसेन निजामशहाला दिली होती. तरी त्याच हुसेनच्या मुलाने, मुर्तझाने, 1574 मध्ये इमादशाही बुडवली. एलिचपूरची लेक ज्या घरची सून झाली, त्याच घराने तिचे माहेर गिळले.

युरोपातही याहून वेगळे घडले नाही. राणी व्हिक्टोरियाची मुले-नातवंडे अनेक राजघराण्यांत पसरली होती. 1914 मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा इंग्लंडचा पाचवा जॉर्ज आणि जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म हे तिचे सख्खे नातू होते, आणि रशियाच्या झारची बेगम तिची नात. आजी एक, पण तोफा समोरासमोर.

मग या नात्यांचा उपयोग काय? एकदा झाला, पण तो एका स्त्रीच्या हिमतीवर. 1595 मध्ये मोगल शाहजादा मुराद अहमदनगरावर चालून आला. विधवा चाँदबिबीने माहेरचा किल्ला लढवला आणि सासरच्या विजापूरकडे व बहिणीच्या सासरच्या गोवळकोंड्याकडे मदत मागितली. दोन्हीकडून फौजा निघाल्या. 1596 च्या तहात अहमदनगर वाचले, पण वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. 1600 मध्ये तिच्याच माणसांनी तिला ठार केले.

शरीअतीने मेहर ठेवला तो स्त्रीच्या हक्कासाठी. या निकाहांत मात्र देण्याघेण्याची बोलणी किल्ल्यांची झाली, आणि किल्ला तिचा कधीच नव्हता. आज आपल्या लग्नांत किल्ले नसतात. मोटारसायकल, फ्रीज आणि रोख रक्कम असते. त्यावरून रुसणारे व्याहीही असतात. नाते माणसाशी जोडायचे की मुलखाशी, हा प्रश्न सोलापूरच्या तटाइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर निदान आपण तरी आपल्या लेकींना विचारून द्यावे.