डॉ. जोन स्टाइट्झ आणि आर.एन.ए.चे संशोधन

२०२० नंतर कोरोनाच्या लसींमुळे आर.एन.ए. हे नाव आपल्या सर्वांच्या कानी पडले. तोपर्यंत शाळेच्या पुस्तकात डी.एन.ए.चाच थाट मोठा, आणि आर.एन.ए. म्हणजे त्याचा निरोप पोहोचविणारा शिपाई, एवढ्यावरच आम्ही शिक्षक मंडळीही थांबत असू. हा शिपाई प्रत्यक्षात किती कामे करतो, हे दाखविण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा एका विदुषीचा परिचय येथे करून देत आहे.

जोन स्टाइट्झ यांचा जन्म १९४१ साली अमेरिकेतील मिनियापोलिस येथे झाला. अँटिऑक महाविद्यालयात त्या रसायनशास्त्र शिकल्या. विज्ञानाची स्त्री प्राध्यापक त्यांनी पाहिलीच नव्हती. स्त्री डॉक्टर मात्र पाहिल्या होत्या. म्हणून त्यांनी हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश मिळविला. परंतु १९६३ च्या उन्हाळ्यात जोसेफ गॉल यांच्या प्रयोगशाळेत काम करताना मन बदलले आणि त्या संशोधनाकडे वळल्या. हार्वर्डमधील एका प्राध्यापकाने त्यांना विद्यार्थिनी म्हणून घेण्यास नकार दिला. तू लग्न करशील, मुले होतील, मग पीएच.डी.चा उपयोग काय, हा त्याचा प्रश्न! (हा प्रश्न आपल्याकडे दहावीनंतरच विचारला जातो, एवढाच फरक.) अखेर जेम्स वॉटसन यांनी त्यांना घेतले. त्यांच्या प्रयोगशाळेतील त्या पहिल्या पदव्युत्तर विद्यार्थिनी होत.

१९६७ साली पती टॉम स्टाइट्झ यांच्यासह त्या इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. पतीला जागा होती, जोनसाठी प्रयोगाचे टेबल नव्हते. फ्रान्सिस क्रिक यांनी त्यांना ग्रंथालयात बसून करण्याजोगे काम सुचविले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि कठीण म्हणून इतरांनी टाळलेला प्रश्न उचलला : आर.एन.ए.च्या लांबलचक साखळीवर प्रथिन बनविण्याचा आरंभ नेमका कोठून करावयाचा, हे रिबोसोमला कसे कळते? त्यांनी रिबोसोमला साखळीवर बसू दिले, उघडा राहिलेला भाग विकराने नष्ट केला आणि रिबोसोमखाली झाकला गेलेला तुकडा वाचला. १९६९ साली हे काम ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. १९७० पासून त्या येल विद्यापीठात अध्यापन करू लागल्या.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. १९७७ साली असे आढळले की, प्रगत पेशींतील आर.एन.ए.मध्ये निरुपयोगी तुकडे असतात, ते कापून उरलेले जोडावे लागतात. ही कात्री कोणाची? ल्यूपस नावाच्या व्याधीत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते. मायकेल लर्नर या विद्यार्थ्यासह स्टाइट्झ यांनी अशा रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे गळासारखी वापरली. गळाला लागले ते पेशीकेंद्रातील छोटे आर.एन.ए. आणि त्यांना चिकटलेली प्रथिने. हे कण ‘स्नर्प’ या नावाने ओळखले जातात. त्यांतील एकाची अक्षरे कापण्याच्या जागेशी तंतोतंत जुळत होती. १९८० साली त्यांनी म्हटले की, कापण्याच्या कामात यांचा हात असावा. पुढे ते सिद्ध झाले. रुग्णाच्या देहाला जाळणारे प्रतिपिंडच निरोगी पेशीचे रहस्य उलगडण्यास उपयोगी पडले!

मेरुरज्जूतील चेतापेशी नष्ट होऊन लहान मुलांचे स्नायू दुबळे करणाऱ्या एका आनुवंशिक रोगावर २०१६ साली अमेरिकेत मान्य झालेले औषध नुसिनर्सेन हे याच काटछाटीत फेरफार करून आवश्यक प्रथिन वाढविते. टॉम स्टाइट्झ यांना २००९ साली रिबोसोमच्या रचनेसाठी वेंकटरामन रामकृष्णन व अदा योनाथ यांच्यासमवेत नोबेल मिळाले. जोन यांना २०१८ साली लास्कर पुरस्कार लाभला. संशोधनाइतकाच तो तरुण संशोधकांना, विशेषतः स्त्रियांना, दिलेल्या आधाराबद्दलही होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये टॉम निवर्तले.