‘लीलावती’तील अक्षेत्र-विचार

भारतीय गणितात बाजूंवरून त्रिकोणाचे प्रकार पाडण्याची पद्धत जुनी आहे. सम, द्विसम व विषम ही नावे इ. स. च्या सातव्या शतकात, ब्रह्मगुप्ताच्या काळी, रूढ झालेली दिसतात. काटकोन त्रिकोणास ‘जात्य’, म्हणजे कुलीन, अशी संज्ञा होती. परंतु नामकरणापूर्वीचा एक प्रश्न उरतो : दिलेल्या तीन लांबींपासून त्रिकोण संभवतो काय? भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) या प्रश्नास स्पष्ट स्थान दिले आहे.

ज्या सरळरेषाकृतीत एक बाजू इतर बाजूंच्या बेरजेहून मोठी किंवा तिच्याइतकी असते, तिला ते ‘अक्षेत्र’ म्हणतात. त्रिकोणाचे त्यांचे उदाहरण ३, ६, ९ हे आहे. अशी आकृती सांगणाऱ्यास त्यांनी ‘धृष्ट’ म्हटले असून, त्या मापांच्या सरळ काड्या मांडून तिची असंभाव्यता दाखवावी, असे सुचविले आहे.

त्रिकोण संभवत असल्यास त्याचा प्रकार आबाधांवरून, म्हणजे लंबामुळे होणाऱ्या भूमीच्या दोन खंडांवरून, कळतो. दोन भुजांची बेरीज व वजाबाकी यांच्या गुणाकारास भूमीने भागावे. येणारी संख्या भूमीत मिळवून व भूमीतून वजा करून निम्मे केले की आबाधा मिळतात. भूमी १४, भुजा १३ व १५ असता आबाधा ५ व ९ येतात. लंब १२ व क्षेत्रफळ ८४. भूमी ९, भुजा १० व १७ असता मात्र एक आबाधा ऋण ६ येते. भास्कराचार्य हे ऋणत्व टाकून देत नाहीत. त्याचा अर्थ ते दिशेची विपरीतता असा लावतात. लंब भूमीबाहेर पडतो, म्हणजे त्रिकोण विशालकोन आहे. भूमी ४, भुजा ३ व ५ घेतल्यास लहान आबाधा शून्य होते व जात्य त्रिकोण मिळतो. सर्वांत मोठी बाजू भूमी धरली नाही, तर लहान आबाधेच्या चिन्हावरूनच प्रकार ठरतो. ३, ६, ९ यांस हीच रीत लावून ६ ही भूमी मानल्यास लंबच शून्य येतो.

चतुर्भुजाची गोष्ट निराळी. चारच बाजू सांगून, लंब वा कर्ण न देता, निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्यास भास्कराचार्य ‘पिशाच’ म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्यास त्याहूनही अधिक. बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचा नियम चतुर्भुजात अस्फुट, परंतु त्रिभुजात स्पष्ट, असा निर्वाळा ते देतात. कारण उघड आहे : चार काड्यांची चौकट कलते, तीन काड्यांची कलत नाही.

‘धृष्ट’ आणि ‘पिशाच’ हे शब्द केवळ विनोदाचे नव्हेत. पहिला अशक्य आकृतीकडे बोट दाखवितो, दुसरा अनिश्चित आकृतीकडे. या दोहोंच्या मध्ये त्रिकोण आपल्या तीन बाजूंनी पूर्णतः निश्चित होऊन उभा राहतो. हे शब्द शिक्षकाचे आहेत. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याचे चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख सांगतो. भारतीय गणित म्हणजे केवळ कृतींचा संग्रह, या मतास ‘अक्षेत्र’ हा एक शब्दही पुरेसा प्रतिवाद आहे. कारण कृती करण्यापूर्वी तिचा विषय अस्तित्वात आहे काय, हे तो विचारावयास लावतो.